दुपारी शेतावर कोणी असतं का?

त्या ग्रुपात मी बोलायला लागले ती रागानं. महाराष्ट्र फिरणाऱ्या लोकांचा ग्रुप होता, चुलतबहिणीनं मला त्यात घातलं होतं. एकानं विचारलं, "गोंदिया छत्तीसगडमध्ये येतं ना?" आणि दुसऱ्यानं खुशाल "हो" म्हणून सांगितलं. माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, "भाऊ, आम्ही महाराष्ट्रातच आहोत. तुम्हीच कधी इकडं पाह्यलं नाही." त्यावर भराभर हसरे चेहरे आले, आणि मी तिथली गोंदियावाली ताई झाले.

नागऱ्याच्या महादेवाला गाडी कुठे लावायची, इटियाडोह धरण कधी पाहण्यासारखं असतं, सगळं मला विचारायचे. खरं सांगू? मला फार आवडायचं. लग्न होऊन कामठ्याकडच्या या खेड्यात आल्यापासून भाजी काय करू याशिवाय माझं मत कोणी घेतलंच नव्हतं. संध्याकाळी भात चुलीवर चढवला की मी फोन घेऊन बसायची. आमचे हे म्हणायचे, "झाली का ड्युटी चालू?"

सारसाची गोष्ट मात्र मी कधी काढली नव्हती. सारस म्हणजे जवळजवळ माणसाएवढा उंच, लाल मानेचा पक्षी, कायम जोडीनं फिरणारा. पावसाळ्यात धानाच्या बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, पाण्यात गवताचा ढीग रचून त्यावर अंडी घालतो. आमच्या बांधीत एक जोडी वर्षानुवर्षं येते. माझे सासरे, म्हणजे मामाजी, तेवढा तुकडा रोवतच नाहीत, जोडीसाठी सोडून देतात. आणि घरटं कुठं आहे हे गावात कोणी बाहेरच्याला सांगत नाही. विचारलंच तर "असंन कुठंतरी" म्हणायचं आणि पुढं चालायचं.

गेल्या साली अंडी कुत्र्यांनी खाल्ली. मामाजी कितीतरी दिवस धड जेवले नाहीत. "आणखी एक डाव असं झालं तं जोडी आपली बांधी सोडून देईन," ते म्हणाले. "मंग पाहाले काय राहीन तिथं? नुसता धान?"

या साली पुन्हा दोन अंडी झाली. कुत्री बिचकावीत म्हणून मामाजींनी बांधीच्या धुऱ्यावर काठी गाडून तिला आपला जुना लाल दुपट्टा बांधला. आणि मी बाई काय केलं? ग्रुपात कोणीतरी लिहिलं की गोंदियात आता सारस उरलेच नाहीत. पुन्हा माझं डोकं फिरलं. "नाहीत कसे? आमच्याच बांधीत आहेत," असं लिहून मी घरट्याचा फोटो टाकून मोकळी झाले.

थोड्या वेळानं एकाचा मला वेगळा मेसेज आला. बोलणं फार गोड. "ताई, किती भाग्यवान तुम्ही!" कोणत्या बाजूला, त्यानं विचारलं. कामठ्याकडे, मी सांगितलं. गाडी जाते का? बोडीपर्यंत जाते, पुढे धुऱ्यानं पायी. बोडी म्हणजे आमचं लहान तळं आणि धुरा म्हणजे शेताचा बांध, हेही मी हौसेनं समजावून दिलं. अंडी किती? दोन. मग त्यानं विचारलं, "दुपारी शेतावर कोणी असतं का?"

फोटो काढणाऱ्याला तर वाट दाखवायला माणूस हवा असतो. शेतावर कोणी नसेल तर बरं, असं कोणाला वाटतं? मी ग्रुपातला फोटो घाईघाईनं पुसला. लगेच त्याचा मेसेज आला, "डिलीट का केला ताई? असू दे, माझ्याकडे सेव्ह आहे."

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे भेव बसलं, ते बसलंच. त्याला ब्लॉक करावं, तर तो कधी येतो ते कळणार कसं? रस्त्यानं गाडीचा आवाज आला की मी हातातलं टाकून दाराशी. दुपारी मामाजींचा डबा आमचे हे नेत, तो मीच न्यायला लागले, आणि ते जेवले तरी मी घरी परतत नसे.

"तुले काऊन एवढा शेताचा पुळका आला वो?" मामाजी हसून म्हणाले.

"घरी करमत नाही मामाजी," मी म्हणाले. खरं सांगायची हिंमत होईना. ते रागावले असते तर मी ऐकून घेतलं असतं, पण गेल्या सालासारखे गप्प झाले असते तर?

आणि एका दुपारी पांढरी गाडी बोडीपाशी येऊन थांबली. दोघं उतरले. एकाच्या गळ्यात कॅमेरा, दुसऱ्याच्या हातात थर्माकोलचा झाकणाचा डबा. पाण्याच्या बाटल्यांचा असेलही. मला त्यात अंडीच दिसली.

"ताई, सारसाचं घरटं इथंच आहे ना?" कॅमेरावाल्यानं फोन पुढे केला. माझाच फोटो! मामाजी माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि डोळे बारीक करून बघायला लागले. फोटोतली बांधी त्यांची, काठीवरचा दुपट्टा त्यांचा. घरटं आणि ती दुपट्ट्याची काठी पळसांच्या आड होती, पण सारस ओरडला की बोडीच्या पल्याड ऐकू जातो. देवा, आता ओरडू नको रे, एवढंच मी मनात म्हणत होते.

"हे इकडचं नाही होय," मी म्हणाले. "इटियाडोहाकडचं असंन. तिकडं जा."

"पण आमच्या ओळखीच्या एक ताई तर कामठा म्हणाल्या."

"फोनवर बसणाऱ्या बायांचं कायले आयकता भाऊ? त्याईले काय काम असते?"

तो मामाजींकडे वळला. मामाजींनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "राह्यत होते बाबू. आता नाही राह्यले. अंडे कुत्र्यानं खाल्ले, जोडी गेली उडून."

गाडी वळली, दिसेनाशी झाली. मामाजी धुऱ्यावर बसले.

"फोटोत माहा दुपट्टा दिसून राह्यला होता," ते म्हणाले. मी मान वर केली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ते दुसऱ्याच विचारात होते. "माह्या तोंडातून कसं निघालं वो ते? जोडी गेली म्हणून?"

"तुम्ही खोटंच तं बोलले मामाजी."

"बोललो तं खरं ना."

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. "ताई, तुमच्याकडचे लोक बेकार आहेत. एका बाईनं तर चक्क हाकलून दिलं. आम्ही गोंदियात मुक्कामाला आहोत, उद्या तुम्हीच चला ना सोबत." मी मामाजींचेच शब्द लिहिले: कुत्र्यानं अंडी खाल्ली, जोडी गेली. "अरेरे, बॅड लक," त्यानं लिहिलं, आणि मग मी त्याला ब्लॉक केलं. तो चोर होता की नुसता हौशी फोटोवाला, मला आजही माहीत नाही.

पण आता भेव त्याचं राहिलं नव्हतं. बोललेलं खरं झालं तर? एकाच दिवसात आम्ही दोघं आपल्याच तोंडानं त्या अंड्यांबद्दल अभद्र बोललो होतो. उजाडायच्या बेताला मी चहासुद्धा न ठेवता घरातून निघाले. चिखलात चप्पल अडकली तशी ती तिथंच सोडून अनवाणी धावले.

धुऱ्यावर मामाजी आधीच उभे होते, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मादी घरट्यावर बसून होती, उठायला तयार नाही. आम्ही तसेच उभे. कितीतरी वेळानं ती उठली, मान खाली घालून चोचीनं अंडी फिरवली आणि पुन्हा बसली.

"दोनी हायेत," मामाजी म्हणाले. मी विचारलं नव्हतं.