चोविसांतला सतरा नंबर

"पहिला आलेला सतरा नंबर पुढच्या यादीबाहेर कसा?" आमचे प्रमुख डॉक्टरसाहेब; त्यांनी ट्रायलचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. वर्ध्याजवळच्या एका कापूस केंद्रात मी स्टॅटिस्टिशियन होते. चोवीस नव्या वाणांत सतराने उत्पादनात जुन्या वाणाला चांगलंच मागे टाकलं होतं.

मी समजावलं. चोवीस जण पळाले तर कोणीतरी पहिला येणारच, निव्वळ नशिबानेसुद्धा. बेझच्या रीतीत आधीचा अंदाज आणि हाती आलेला पुरावा एकत्र तोलतात. नवे वाण बहुतेक फुसकेच निघतात, फार तर एखादा सरस, हा आमचा आधीचा अंदाज. त्या एकावरचा विश्वास मी चोविसांना सारखा वाटून दिला. वाण जितके जास्त, तितका एकेकाच्या वाट्याला विश्वास कमी. त्या हिशेबाने सतरा खरंच सरस असण्याची शक्यता निम्म्याच्याही खाली येत होती.

"मग काढून टाका," साहेब म्हणाले. मी रेघ मारली. गणित चोख होतं आणि मला त्याचा तोराही होता.

आठवड्याभराने संपतराव आले. आमचे फील्ड असिस्टंट, रिटायरमेंटला आलेले. सतराचं मूळ झाड त्यांच्या शेतातलं, एवढं मला माहीत होतं.

"बाई, ते झाड माह्या घरच्या मंडळीनं धरलं होतं," ते म्हणाले. "सारा जन्म वेचणी केली तिनं. लुगड्याची चिंधी बांधून ठेवली त्याले. पेरणी पाहाले ते राह्यली नाई. तुमच्यासाठी चोवीस होते. तिनं एकच सांगतलं होतं."

त्यांना त्या वाणाला बायकोचं नाव द्यायचं होतं. मी साहेबांकडे गेले. ट्रायल संपल्यावर, आपण आधीच सांगितलं होतं असं सगळ्यांनाच आठवतं, असं ते म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं.

मी रजिस्टर पुन्हा उघडलं. पेरणीआधी भरलेल्या पानावर, शेऱ्याच्या रकान्यात, फक्त सतरासमोर संपतरावांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'घरच्यांची पसंत'. जाणत्या हाताने आधीच वेगळं काढलेल्या झाडाला विश्वासाचा मोठा वाटा द्यायला हवा होता. मी तो रकाना कधी वाचतच नसे.

साहेबांनी पान पाहिलं आणि लगेच गोदामात माणूस पाठवला. सतराची होती तेवढी सरकी बाकीच्या ढिगात मिसळून तेलाच्या घाण्याला गेली होती. संपतरावांना ते मीच सांगितलं. ते फक्त "बरं" म्हणाले.

सतरा खरंच सरस होता की नाही, आता कोणालाच कळायचं नाही. तो सरस असावा, असं मला मात्र फार वाटतं. हिंगणघाटच्या एसटीत बसले की अजून खिडकीतून कपाशीच्या पऱ्हाटीवर चिंधी शोधते. पुढे नोकरीभर मी एक केलं. आकडे बघण्याआधी शेरा वाचला.