ताईचा इटालियन

गेल्या हिवाळ्यात पेपरात वाचलं, की इटलीच्या फुटबॉल संघातला तो जुना बचावपटू नवी मुंबईत एका प्रदर्शनी सामन्यासाठी येतोय. मी लगेच ताईला फोन केला. ती अलिबागला शाळेत शिकवते, पन्नाशीला आलीय.

"अजून धावतो तो?" एवढंच तिने विचारलं. मग म्हणाली, "येते."

आम्ही उरणजवळच्या गावातले. बाबा शिक्षक. आमच्या घरी टीव्हीवर ताईने त्याला पहिल्यांदा पाहिलं. गोल मारणारे सगळ्यांनाच आवडायचे, तिला मात्र हा आवडला. समोरच्याला धक्काही न लावता पायातला बॉल काढून घेणारा. त्याचा फोटो तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता.

भातं कापून झाली की आम्ही मुलं रिकाम्या शेतात खेळायचो. ताईही यायची, अनवाणी, ओढणी कमरेला बांधून. संघ पाडताना तिला पहिली घ्यायचे, मला शेवटी. एकदा मी गोलपर्यंत पोहोचलो होतो. तिने अगदी त्याच्यासारखा पाय घातला आणि बॉल घेऊन गेली. सगळे हसले. त्याच संध्याकाळी मी बाबांना सांगितलं, "ताई पोरांत खेळते. गावात लोक बोलतात."

कोणीच बोलत नव्हतं.

बाबा ओरडले नाहीत. "दहावीचं वर्ष आहे, आता पुरे," एवढंच म्हणाले. ती पुन्हा शेतात आली नाही.

नवी मुंबईचं स्टेडियम गच्च भरलं होतं. त्याच्या नावाचे शर्ट घातलेली पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. त्यांतल्या कितीतरी जणांचा जन्म तो निवृत्त झाल्यावरचा. तो जेमतेम दहा मिनिटं खेळला. केस पांढरे झालेले, चाल मंदावलेली. पण एक तरणा गडी बॉल घेऊन अंगावर आला, तेव्हा त्याने नुसता पाय पुढे केला आणि बॉल त्याच्याकडे आला. सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. ताईही उठली. दुखऱ्या गुडघ्यावर हात दाबून उभी होती.

मला राहवलं नाही. "ताई, तेव्हा बाबांना मी सांगितलं होतं."

"ठाऊक आहे. बाबांनीच सांगितलेलं, नंतर."

"मग कधी बोलली नाहीस?"

तिची नजर मैदानावरच होती. "बाबांचं मन मी वळवलं असतं रे. तू एकदा बोलवायला येशील असं वाटायचं. परीक्षा संपल्यावर रोज चार वाजता पडवीत बसायचे. तू बॉल घेऊन समोरूनच जायचास."

तिला तिथे बसलेलं मी पाहिलं होतं. घरात उकडतं म्हणून बसली असेल, असं वाटलं होतं. खरं तर तसं वाटून घेतलं होतं.

परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसली. मी माफी मागितली. तिने माझ्या हातावर थोपटलं आणि उद्याच्या तासांबद्दल बोलू लागली.