पाठ करून ऐकलेली उडी

गेल्या थंडीतल्या एका रविवारी सकाळी, भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडे, बंद पडलेल्या एका मुरुमाच्या खदानीत, मोटारसायकलींच्या सीटा शिवणाऱ्या एका माणसाने सायकलवरून मोठी उडी पार केली. मी तिथे हजर होतो. उडी मी पाहिली नाही. तिथे असलेल्या आणखी दोघांनीही पाहिली नाही. ती एकाच व्यक्तीने पाहिली. ती त्याची आई होती.

खदान टेकडीच्या पोटात आहे. मुरूम काढणं थांबलं तेव्हा मागे उभ्या कापलेल्या कडा राहिल्या, टाकून दिलेल्या मुरुमाचे ढीग राहिले आणि मधून ट्रॅक्टर जायचा तो खोलगट रस्ता राहिला. पावसाळ्यात सगळ्यावर तरवड उगवतो. जमीन ज्यांची ते आता जालन्यात राहतात, पण रविवारी शेत बघायला येतात. त्यांना सगळे काका म्हणतात. आम्ही परवानगी मागायला गेलो तेव्हा त्यांनी आधी सायकली पाहिल्या, मग आम्हाला पाहिलं आणि दोन अटी घातल्या. "मुरूम न्यायचा न्हाई. अन् पडलात तर माझ्या घरी सांगायचं न्हाई, मी तुमाला अडवलं न्हाई म्हणून मलाच बोलणी बसतील."

नेमाने येणारे तिघे. सीटवाला, त्याला आम्ही भाई म्हणतो, भोकरदनचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या मॅडम, मूळच्या तीर्थपुरीकडच्या, नोकरीनिमित्त इकडे. आणि मी, जालन्याच्या एका वर्तमानपत्रातला. तिथे वापरले जाणारे शब्दही तिथेच तयार झाले. कडेवरून सायकल सरळ खाली सोडायची, ती पायरी. जिथून चाक हवेत जातं ती उडीची धार म्हणजे उंबरा. आणि पलीकडे सायकल ज्या उतारावर टेकते, तो झेल.

मोठी उडी ट्रॅक्टरच्या रस्त्यावरून जाते. अलीकडच्या ढिगावर उंबरा, पलीकडच्या ढिगावर झेल, मध्ये चार मीटरांच्या आसपास काहीच नाही आणि खाली दगड.

आदल्या वर्षी भाईने ती दोनदा केली होती. पहिल्यांदा मागचं चाक झेलाच्या काठाला घासून गेलं. तेव्हा बरेच पाहुणे आले होते, सगळ्यांचे मोबाइल समोर होते, आणि त्यांतला एक जण म्हणाला, नीट आलं नाही, अजून एकदा कर. दुसऱ्यांदा भाई झेलावर पोहोचला, पण पुढचं चाक मातीत रुतून आडवं झालं. खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं.

कारण मातीत होतं. झेल दुरुस्त करताना आम्ही शेजारच्या शेतातली काळी माती आणून लिंपली होती. काळी माती चांगली, एवढंच आमच्या डोक्यात होतं. इथे कोणालाही विचारलं तरी तो तेच सांगेल. ती वाळली आणि बोटभर रुंद भेगा पडल्या. चाक भेगेत गेलं. काकांनी भेगेत काडी घालून पाहिली आणि म्हणाले, "तुमी झेल केला का पेरणी करून राह्यले?" पुढे त्यांनीच जुन्या गावठाणाची पांढरी माती दाखवली, धाब्याच्या घरांवर टाकतात ती. थोडं पाणी मारून ती धुम्मसाने चोपली. नवा झेल दुरून खडूने रंगवल्यासारखा पांढरा दिसतो.

त्या पडण्यानंतर दोन गोष्टी ठरल्या. पहिली खदानीत. कोणीही कुठलीही उडी पहिल्यांदा करणार असेल, किंवा पडल्यानंतर पहिल्यांदा, तर बाकीच्यांनी तिकडे पाठ करून उभं राहायचं आणि करणारा "बघा" म्हणेपर्यंत वळायचं नाही. याच्या कारणाबद्दल दोन मतं आहेत. काका म्हणतात, नजर लागते. मॅडम म्हणतात, बघणारे असले की माणूस त्यांच्यासाठी उडी मारतो. कारणावर एकमत झालं नाही, पद्धतीवर झालं. फक्त मॅडमची एक तक्रार असते. "पाठ करा म्हटलं की मला वाटतं, आता कोणीतरी पाढे म्हणणार."

दुसरी गोष्ट भाईच्या घरात ठरली. हात गळ्यात अडकवलेला होता तेवढे दिवस त्याच्या शर्टाची बटणं त्याच्या आईने लावली. हात मोकळा झाला त्या दिवशी तिने त्याला सांगितलं, ते त्याने आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. "एक बार मेरे सामने कर. मेरेसे देखा गया तो कर तू, मैं कुछ नइं बोलती. नइं देखा गया, तो वो सैकल मेरे घर में नइं रहनी."

भाईने कधी आईचा शब्द मोडल्याचं आम्हाला माहीत नव्हतं. तो शब्द मोडेल असं त्यालाही वाटत नव्हतं. त्यामुळे त्या रविवारी उडी पार होते की नाही हा अर्धाच प्रश्न होता. आई ती बघू शकतात का, हा दुसरा अर्धा.

भाई आणि आई ॲपे रिक्षाने आले. टपावर सायकल बांधलेली, आत आई, त्यांच्या मांडीवर डबा आणि शेजारी प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीवर भाईने शिवलेली काळ्या रेक्झिनची गादी होती, कडेला लाल दोरा, थेट मोटारसायकलच्या सीटसारखी. आई उतरल्या, आजूबाजूला पाहिलं आणि मुलाला म्हणाल्या, "ये देखने के वास्ते इत्ता दूर आता तू? पत्थर तो भोकरदन में भी थे."

"खाला, तिथले दगड एवढे उंच न्हाईत," मॅडम म्हणाल्या.

"तुम भी कूदते?"

"कूदते."

"तुम्हारी अम्मी को मालूम है?"

मॅडम हसल्या आणि हेल्मेट घालायला लागल्या.

आधी मॅडमनी आणि मी पायऱ्या घेतल्या, अंग मोकळं करायला आणि, खरं म्हणजे, आईंना अंदाज यावा म्हणून. छोटी पायरी गुडघ्याएवढी, मोठी छातीएवढी. मोठीच्या कडेला आलं की पुढचा रस्ता दिसेनासा होतो, नुसती समोरची टेकडी दिसते. ब्रेक सोडायचा, अंग मागे न्यायचं आणि हँडल ढकलायचं. चाक कडेवरून सुटतं आणि टायरचा आवाज एकदम बंद होतो. तळपायाला पेडल लागत नाही, हाताला वजन लागत नाही. पंचेचाळिशीच्या माणसाचं सगळं वजन त्या तेवढ्या वेळात कुठे असतं, ते मला इतक्या रविवारांनंतरही सांगता येत नाही. मग खालून जमीन येते आणि वजन परत मिळतं.

आईंनी दोन्ही पायऱ्या पाहिल्या. माझ्या वेळी त्यांनी पदर तोंडावर धरला होता, असं काकांनी मला नंतर सांगितलं. म्हणजे माझ्यासाठीसुद्धा त्यांना बघणं जड गेलं होतं, आणि मी त्यांचा कोणी नव्हतो.

मग त्या मोठ्या उडीकडे गेल्या. उंबऱ्याशी उभं राहून खाली रस्त्यातल्या दगडांकडे पाहिलं. खाली उतरल्या, पलीकडे चढल्या, चप्पल काढून झेलावर पाय ठेवला आणि टाचेने दाबून पाहिलं. चिमूटभर माती बोटांत चुरगळली.

"ये तो चूल्हा पोतने की मट्टी है."

"धाब्याची हाये," काका म्हणाले. "आमच्या जुन्या घरावर हीच हुती."

"हमारे भी. बारिश में टपकता था तुम्हारा?"

"एका कोपऱ्यात."

"हमारा भी एकीच कोने में." त्यांनी हात झटकले. "मट्टी अच्छी है."

भाई हे सगळं सायकलचा दांडा धरून ऐकत होता. तो टेकडीच्या वरच्या टोकाकडे सायकल ढकलत निघाला. सूर्य त्याच्या मागे, टेकडीच्या थोडा वर आला होता. काकांनी घसा साफ केला. "चला, पाठ करा."

मॅडम वळल्या. मी वळलो. उंबरा आणि झेल दोन्ही दिसतील अशी मांडलेली आईंची खुर्ची हलली नाही.

"खाला, तुमीबी," काका म्हणाले. "इथं तसंच असतंय. नजर लागते."

"माँ की नजर नइं लगती," त्या म्हणाल्या. "और मैं फिर गई, तो आई कायकू थी?"

काकांनी वर भाईकडे पाहिलं. भाई वरून ओरडला, "काका, अम्मी बैठेंगे. तुमी पाठ करा." मग आईला म्हणाला, "अम्मी, आवाज नको करू. कुछ भी हुआ तो."

"तू तेरा काम कर."

काका वळले. आम्ही तिघे ओळीने उभे होतो, तोंड उत्तरेला. समोर शाळूची ताटं, त्यापलीकडे वेचून झालेली कपाशी आणि शेवटी अजिंठ्याच्या डोंगरांची निळसर रेघ. मॅडमनी हाताची घडी घातली होती. मागून खुर्चीचा एकदा करकर आवाज आला आणि थांबला.

मग वरून सायकल सुटली. आधी मागच्या चाकाची किरकिर ऐकू आली, ती वाढत गेली. मग मुरुमावरून धावणाऱ्या टायरचा आवाज, जवळ, अजून जवळ, इतका जवळ की मानेवर वारा जाणवला. आणि तो आवाज उंबऱ्यावर थांबला.

त्यानंतर जे होतं त्याला शांतता म्हणता येईल की नाही माहीत नाही. शाळूची पानं हलत होती, लांब कुठेतरी मोटार चालू होती, ते सगळं ऐकू येत होतं. पण त्या सगळ्याच्या मधोमध एक जागा रिकामी होती, आणि ती जागा म्हणजे हवेतला एक माणूस होता. तो माझ्यापासून चार-पाच पावलांवर असेल. मला तो दिसत नव्हता. मला नुसतं एवढंच कळत होतं की तो आत्ता कशालाच टेकलेला नाही. उडी किती मोठी असते हे मी बघूनही ओळखू शकलो नव्हतो, ते त्या दिवशी पाठीला कळलं.

धप्. टायरचा आवाज परत आला. मग ब्रेक. मग काही नाही.

आम्ही "बघा"ची वाट पाहत राहिलो. ते आलं नाही. खुर्चीकडूनही काही आवाज नव्हता. मॅडमची हाताची घडी सुटली. काका हळूच म्हणाले, "पोरगं बोलंना." तरी कोणी वळलं नाही. का वळलो नाही, ते सांगणं अवघड आहे. पद्धत होती म्हणून, आणि वळल्यावर काय दिसेल ते आधी नको होतं म्हणूनही.

शेवटी मागून आईंचा आवाज आला. "फिरो अब. उतर गया."

भाई झेलाच्या खाली, एक पाय जमिनीवर टेकून उभा होता. हेल्मेट अजून डोक्यावर होतं. तो आमच्याकडे बघत नव्हता, आईकडे बघत होता. "बघा" म्हणायचं त्याला सुचलंच नव्हतं.

मॅडम पळत झेलावर गेल्या आणि उकिडव्या बसल्या. पांढऱ्या मातीत टायरची खूण उमटली होती. काठापासून हातभर आत, सरळ, कुठेही न वाकलेली. मातीला भेग नव्हती. "हे बघा, काका. मास्तरांनी फळ्यावर ओढावी तशी रेघ हाये."

काका खूण बघायला गेले नाहीत. ते खुर्चीपाशी थांबले होते. "खाला, खरं सांगा. डोळे मिटले हुते का न्हाई?"

"कायकू मीचूँगी?"

"आई हाय म्हणून म्हणलं. मी तर बायको गाडी रिव्हर्स घ्यायला लागली तरी मिटतो."

भाई सायकल ढकलत वर आला. हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते. त्याने काकांसारखी चेष्टा केली नाही.

"देखा तुमने, अम्मी?"

"देखा."

"पूरा?"

आईंनी उजवा हात उचलला आणि हवेत पुढे नेला, सपाट, तळवा खाली. "तेरा साया पहले पोंचा," त्या म्हणाल्या. "वो सफेद मट्टी पे जाके बैठ गया. पीछे तू आया."

भाई झेलाकडे वळून बघत राहिला. उडी घेताना आपल्याला सावली दिसली नव्हती, असं त्याने सांगितलं. मीही तिकडे पाहिलं. झेलावर आता मॅडमचीच सावली होती.

त्यानंतर डबा उघडला. खिचडी आणि तिच्यावर घ्यायचा चिंचेचा खट्टा होता. काकांनी शेतातून कांद्याची पात आणली. आईंनी मॅडमना दोनदा वाढलं आणि तुमच्या आईला एकदा इथे आणा, खुर्ची मी देईन, असं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "खाला, तिला आणलं तर सायकल विकावी लागंल मला." माझ्या पायरीबद्दल आईंनी मत विचारल्याशिवाय दिलं. "तुम धीरे जाते. अच्छा है."

निघायच्या वेळी न्यायला परत आलेल्या ॲपेवाल्याने सायकल टपावर टाकली आणि एक दोरी आवळली. आई आत बसलेल्या, तिथूनच डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "दो रस्सी बाँधो. बराबर बाँधो. घर तक जानी है."

भाईने दुसरी दोरी स्वतः बांधली.

पुढच्या रविवारी आई आल्या नाहीत. भाई त्याच वेळी आला. मोठी उडी आता त्याच्यासाठी पहिली नव्हती, त्यामुळे पाठ करायचं कारण नव्हतं. मुरुमात खुर्चीच्या चार पायांचे खळगे तसेच होते. मी तिथे उभा राहिलो. सूर्य टेकडीच्या थोडा वर आला होता. भाई वरून सुटला, उंबऱ्यावर आला आणि आवाज थांबला.

सावली आधी पोहोचली.