शेवटचा शंकू

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगहून मी निघाले तेव्हा पश्चिमेचा कोरडा वारा गाडी हलवत होता. हॉस्पिटलमधली माझी मैत्रीण आयको हिने घरची भट्टी बघायला बोलावलं होतं. तिच्या घराण्यात चार पिढ्या चहाची भांडी हाताने घडवतात. तिचे वडील केन्जी-सान तरुणपणी जपानहून इथे आले आणि डोंगरापलीकडच्या रानात त्यांनी ही लाकडाची भट्टी बांधली.

पोचले तो भट्टी पेटल्याचा तिसरा दिवस. आत वर्षभर घडवलेले साठ चावान (हिरव्या चहाचे वाडगे) होते. ऐंशीला टेकलेले केन्जी-सान खुर्चीवर बसून जाळाचा आवाज ऐकत होते. त्यांना आता जवळजवळ दिसत नाही.

“ही त्यांची शेवटची भट्टी,” आयको म्हणाली. मला ओनिगिरी (भाताचा मुटका) देऊन तिने स्वतःचा उभ्यानेच संपवला. मग झरोक्यातून आत दाखवलं. मातीचे तीन छोटे शंकू होते. आच पुरेशी झाली की ते एकेक करून वाकतात. दोन वाकले होते, तिसरा ताठ.

दुपारी अग्निशमन दलात स्वयंसेवक असलेला शेजारी आला. “सॉरी मेट, उद्या येणार होता तो वारा आजच आलाय. धुराड्यातून ठिणगी उडाली तर सगळं रान जाईल. बंद करा.”

“अजून दोन तास,” केन्जी-सान म्हणाले.

शेजाऱ्याने नकारार्थी मान हलवली.

“आयको, शंकू वाकला का?”

ती झरोक्याशी वाकली. ‘वाकला’ एवढं म्हटलं असतं तर म्हातारा समाधानाने उठला असता. माझ्या तोंडाशी तो शब्द आलाही होता.

“नाही, बाबा. पण मी बंद करतेय.”

आम्ही दोघींनी भट्टीच्या तोंडाशी विटा रचल्या, फटींवर ओली माती थापली. माझा तळहात भाजला. धुराडं झाकलं तेव्हा कुठे ठिणग्या थांबल्या. मी निघाले तेव्हा बापलेक एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

पाच दिवसांनी, भट्टी निवल्यावर, पुन्हा गेले. आच कमी पडल्याने बहुतेक वाडगे राखाडी, खरखरीत निघाले. या घरात बिघडलेलं भांडं बाहेर जात नाही, फोडतात. हातोडा आजवर वडिलांच्याच हाती असायचा. केन्जी-साननी प्रत्येक वाडगा बोटांनी चाचपला आणि हातोडा आयकोपुढे ठेवला.

“तू ठरव.”

तिने अकरा ठेवले. एक वाडगा वडिलांनी मांडीवर घेतला होता. तिने तोही मागितला. त्यांनी दिला. तिने फोडला.

गाडीपाशी मी म्हटलं, “त्या दिवशी तू खोटं बोलशील असं वाटलं होतं.”

“मलाही. बाबा मघाशी म्हणाले, तसं केलं असतंस तर हातोडा तुला दिला नसता.”

घाट उतरून समुद्र दिसेपर्यंत मी रेडिओ लावला नाही. घरी पोचले आणि पुण्याहून माझ्या बाबांचा फोन आला. दर वेळचाच प्रश्न: “पुढच्या वर्षी कायमची परत येतेस ना?” दर वेळी मी ‘बघू’ म्हणते.

“नाही, बाबा,” मी म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला नाही.