मोठा बोर्ड, लहान बोर्ड

घरून काम करायला म्हणून मी देऊळगाव राजाला बाबांकडे आले आणि राहिलेच. मग पुण्याच्या ऑफिसनं परत बोलावलं. जायचं, की इथं बसून करता येईल अशी दुसरी नोकरी शोधायची, हे ठरवायचं सोडून मी गेम खेळायला स्वतःचा कॉम्प्युटर जुळवायला घेतला. एक गोष्ट टाळायची असली की मी दुसरीत डोकं खुपसते, ही माझी जुनी खोड.

बाकीचे भाग पटापट ठरले. अडलं ते मदरबोर्डवर. सगळे भाग ज्याच्यावर बसतात तो हा बोर्ड, त्यामुळे तो ठरल्याशिवाय पेटीचा आकारही ठरत नाही. दोन मनात भरले होते. एक मोठा, रिकाम्या खाचा भरपूर, पुढं हवं ते वाढवत जा. पण त्याची पेटी एकदा ठेवली की हलवायचं नाव नको. दुसरा बशीएवढा. त्यात वाढवायला जागा नाही, मात्र अख्खा कॉम्प्युटर पाठीवरच्या बॅगेत मावणार.

बाबा शेती बघतात. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नाही, तरी रोज संध्याकाळी माझ्या मोबाइलमध्ये डोकावायचे.

"लहाना काऊन पाहून राह्यली? मोठा घे ना बाई. मोकळी जागा राह्यते."

"बाबा, तुमाले काय समजते त्यातलं?" मी फटकन बोलले. ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी अंगणात खोदकाम सुरू झालं. आमच्या फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात, हे कित्येक वर्षं चालत आलेलं. कोणी कधी मनावर घेतलं नव्हतं. आता बाबांनी वायरमन बोलावला, तुळशीमागं खड्डा खणून त्यात पाइप पुरला, मीठ आणि कोळसा भरला आणि माझ्या खोलीत नवा प्लग काढला.

"तुह्या मशीनले अर्थिंग चांगली पाह्यजे," ते म्हणाले. खड्डा ओला ठेवायचा असतो, म्हणून रोज बादलीभर पाणी ओतायचं कामही त्यांनी स्वतःकडे घेतलं.

मला भरून आलं आणि त्याच वेळी रागही आला. राहा असं तोंडानं म्हणाले असते, तर मी भांडले असते. खड्ड्याशी काय भांडणार?

मी लहान बोर्ड मागवला. मला पुण्याला जायचं होतं आणि ते मला तो मागवतानाच कळलं.

नव्या प्लगशेजारी बसून मी सगळं जोडलं. कॉम्प्युटर पहिल्याच फटक्यात सुरू झाला. मी बंद केल्यावर बाबांनी ती पेटी एका हातानं उचलून पाहिली.

"हे तं बॅगेत मावते."

"हाव, बाबा."

त्यांनी पेटी जपून खाली ठेवली आणि बादली घेऊन अंगणात गेले.

आता मी पुण्यात असते. दिवाळीआधी एकदा फोनवर सहज विचारलं, खड्ड्यात पाणी टाकणं बंद केलं ना?

"काऊन बंद करू? वाळला तं काम नाही करत तो. तू येशीन तवा चालू पाह्यजे."

दिवाळीला घरी निघताना मी कपडे निम्मेच घेतले आणि बॅगेत आधी कॉम्प्युटर घातला.