तांदळात पुरलेली साडी

सत्तरच्या दशकात मी लग्न होऊन कुहीहून नागपुरात आले. घर सदर भागातल्या मागच्या गल्लीत, आणि सासूबाई अस्सल नागपुरी. थंडीच्या दुपारी गच्चीवर उन्हात बसून त्या गोधडीची ठिगळं जोडायच्या आणि ठिगळागणिक घरातल्या एकेकाची अब्रू चव्हाट्यावर मांडायच्या. "हा चौकडीचा पाहिला? तुह्या नवऱ्याचा सदरा. चिंचा पाडाले गेला अन् कुंपणाले लटकला." आणि आमचे हे मला सांगत, मी लहानपणी फार शहाणा होतो! मी हसून हसून लोळायची आणि सुईत दोरा ओवून द्यायची.

एके दुपारी त्या म्हणाल्या, "सूनबाई, तुह्या मायची साडी आण वं. गोधडीले लावू."

माझं हसू तिथेच आटलं. आई माझ्या लग्नाआधीच गेली होती. तिची म्हणून एकच साडी माझ्यापाशी होती, हिरवी, काठाशी जराशी विरलेली. तिचे तुकडे करायचे? आमच्या गावाकडे गोधडी दोन्ही बाजूंनी चिंध्यांचीच असे. मी जन्माची तापट. तोंडावर "आणते" म्हटलं, खाली गेले आणि साडी तांदळाच्या कोठीत खोल पुरली. घ्या आता!

संध्याकाळी भात टाकायला नेमक्या सासूबाईच कोठीशी गेल्या. हात बाहेर आला तो साडीसकट. माझी पाचावर धारण बसली, पण राग त्याहून मोठा. "मी नाही कापू देणार! जीव गेला तरी नाही!" म्हणत मी भोकाडच पसरलं.

"कापाले कोनं सांगतलं वं तुले? अस्तराले अख्खी साडी लागते! तिले कातर लावाले मी का पागल हाओ?" असं म्हणून त्या साडीतले तांदूळ झटकायला लागल्या आणि झटकता झटकता खो खो हसत सुटल्या. मग मीही. इतकं हलकं मला लग्नानंतर पहिल्यांदाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर साडी अख्खी अंथरली. तिच्यावर जुन्या धोतरांचे थर आणि सगळ्यात वर ती जोडलेली ठिगळं. समोरासमोर बसून आम्ही दोघी रोज धावदोरा घालत होतो, बोटं टोचून घेत, घरच्या पुरुषांना यथेच्छ नावं ठेवत.

शेवटची गाठ मारली तसं मला राहवलं नाही. तिथेच उन्हात मी गोधडी खांद्यांवर ओढली. सासूबाईंनी ती काढून घेतली, उलटी केली आणि साडीची बाजू आत घेऊन मला गुंडाळलं.

"अशी पांघरजो. चिंध्या बाहेर, माय आंगाले."