पडीक रानातली तूर

मोबाइल दुरुस्त करण्यात माझी अर्धी जिंदगी गेली, पण फोन उचलून फरशीवर आपटावा असं मला एकदाच वाटलं. तो फोन राजपालचा. आणि त्या फोनात बिघाड काहीच नव्हता, हीच तर खरी पंचाईत!

आमचं गाव भूम तालुक्यात. एसटी थांबते तिथंच माझं दुकान. मुनवर मोबाइल म्हणाल तर शेंबडं पोरगंही दाखवील. रिचार्ज, दुरुस्ती, झेरॉक्स, फोटो, सगळं एका टपरीत. पीक पाहणीचं ते अ‍ॅप आलं आणि दुकानाची चावडी झाली. सकाळी शटर वर करायला उशीर, माणसं हजर. "मुनवर, हे उघडंना." "मुनवर, ओटीपी आला न्हाय." एकजण तर म्हणाला, "मुनवर, ह्यात माझी म्हस दिसंना." आता पीक पाहणीत म्हस कुठून दिसणार? पण सांगतो कुणाला! बेजार केलं नुसतं.

ते अ‍ॅप म्हणजे काय, तर आपल्या शेतात जाऊन उभं राहायचं, गट नंबर निवडायचा, यादीतलं पीक निवडायचं आणि फोटो काढून पाठवायचा. मग ते पीक सातबाऱ्यावर चढतं. चढलं तर विमा, नुकसानीची मदत, सरकारी खरेदी केंद्रावर माल. नाही चढलं तर बसा हात चोळत. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी गावात एक सहायक नेमतात. आमच्या गावाचा सहायक राजपाल.

राजपाल म्हणजे मथुरामावशीचा धाकटा. बी.ए. झाला, पुण्यात कंपनीत राहून आला, बाप गेल्यावर आईजवळ परत आला. पोरगं इतकं थंड डोक्याचं की मला त्याचा राग येतो. चिखलातून रान न् रान तुडवायचा. सोयाबीनच्या मधोमध उभा असायचा आणि फोन म्हणायचा, तुम्ही गटापासून दूर आहात! पायाला काळी माती चिकटलेली, आणि म्हणे दूर आहात. मग हा हात वर धरून रेंज शोधत बांधावरनं फिरायचा. लांबनं बघणाऱ्याला वाटावं पोराच्या अंगात आलंय. लोक वर त्यालाच शिव्या द्यायचे, जसं काही अ‍ॅप त्यानंच घरी बसून बनवलंय. हा आपला हसून म्हणायचा, "थांबा काका, परत करून बघू."

पण दसरा झाला आणि तोही हसायचा थांबला. गावातले सगळे गट झाले होते, राहिला होता एकच. गायरानाचा.

गायरान म्हणजे गावाच्या वरच्या अंगाचा माळ. कागदावर गुरं चारायला सोडलेली सरकारी जमीन. राजपालच्या बापानं, कोंडिबानं, आणि वस्तीतल्या आणखी काही बौद्ध घरांनी तो कसायला घेतला तेव्हा राजपाल जन्मलाही नव्हता. घेतला म्हणजे काय घेतलं हो? नुसते धोंडे होते तिथं. गुरंसुद्धा तोंड लावत नव्हती. मथुरामावशीनं डोक्यावर पाटी घेऊन ते धोंडे वाहिले. त्यांचा ढीग अजून बांधाला आहे, बैलगाडी झाकेल एवढा. अर्ज झाले, मोर्चे झाले, धरणं झाली. कोंडिबा बिचारा आज ना उद्या रान नावावर होईल म्हणत म्हणत गेला. कागद काही हलला नाही.

गेल्या साली अतिवृष्टी झाली. बांधाच्या अल्याडच्या लोकांना मदत मिळाली, पल्याड मथुरामावशीला नाही. का, तर पिकाची नोंद नाही. पाऊस काय सातबारा बघून पडतो का? तेव्हापासून मावशीनं राजपालच्या मागं एकच लकडा लावला होता. अवंदा माझी तूर त्या मोबाइलात चढव. बाकी मला काही नको.

आणि त्यानं गायरानाचा गट उघडला, तर पिकांची यादीच उघडेना. खातेदाराच्या जागी सरकार, आणि खाली निवडायला दोनच शब्द. गवत, नाहीतर पडीक. त्यातलं एक निवडून फोटो पाठवल्याशिवाय गावाचं काम पूर्ण होत नाही.

त्यानं माझ्या दुकानातूनच तहसील कचेरीत फोन लावला. स्पीकरवर होता, मी कानानं ऐकलं.

"सर, तिथं तूर उभी आहे. आणि शेजारच्या पट्ट्यांत ज्वारी."

"तूर असेल हो. पण अ‍ॅपमध्ये ऑप्शन आहे का?"

"न्हाय सर."

"मग नाही. पडीक टाका आणि मोकळे व्हा. तुमच्या एका गटापायी गाव लाल दिसतंय माझ्याकडं."

फोन ठेवून राजपाल काउंटरवर बोटानं रेघा मारत बसला. मग म्हणाला, "मुनवरभाई, चला ना माझ्यासंगं रानात. आईला एकट्यानं सांगायचं माझ्यानं व्हईना."

मी शटर ओढलं आणि निघालो. सांगतो म्हटलं मी. माझी जीभ तशी चुरूचुरू चालते, बायको हसीनाबी तर तिला कात्रीच म्हणते.

पण आम्ही पोचायच्या आधी बातमी पोचली होती की राजपाल फोटो काढायला येतोय. मावशी बांधावर उभी. आणि अंगावर काय, तर भीमजयंतीला नेसायचं पांढरं लुगडं! भर उन्हात, रानात! केस नीट चापून बसवलेले. मला बघून तर आणखीच खूश झाली.

"जय भीम, मावशी."

"जय भीम, बाबा. ये. तू बी आलास, लई ब्येस झालं. साऱ्या गावाचं फोटू काढलं ह्यानं, आमचाच ऱ्हायला हुता."

तूर अशी आली होती की काय सांगू. मावशीच्या डोक्यावर वीतभर. पिवळी धमक फुलं, मधमाश्यांचा नुसता गुणगुणाट. मावशी तुरीत शिरली आणि एक फांदी हातानं जवळ घेऊन उभी राहिली, नातवाला धरावं तशी.

मी राजपालकडं बघतो, राजपाल माझ्याकडं. कसली कात्री आणि कसली जीभ!

"आदी एक घरासाठी काढ," मावशी म्हणाली, "मग सरकारसाठी."

त्यानं घरासाठी काढला. मग अ‍ॅप उघडलं. फोन छातीशी धरून, आईला दिसू नये असा, त्यानं पडीक निवडलं आणि फोटो काढला. आईसकट, तुरीसकट. बाजूला हो म्हणायचं त्याच्या जिवावर आलं होतं. पाठवायचं बटण दाबताना त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

"गेलं का रे?"

"गेलं, आई."

"बघ!" ती मला म्हणाली. "त्येचा बाप जलमभर कचेरीत चकरा मारून मेला. आन ह्येनं बोटानं केलं."

 

दोन-तीन दिवसांनी तो दुकानात आला आणि फोन माझ्यासमोर ठेवला. फोटो नामंजूर झाला होता. मला वाटलं, चला, वर बसलेल्या कुणाच्या तरी डोळ्याला तूर दिसली. आता विचारतील, पडीक लिहिलंय आणि हे काय उभं आहे? मी कारण वाचलं. फोटोत व्यक्ती दिसत आहे. पुन्हा फोटो काढावा.

मी परत वाचलं. मग माझं टाळकंच सरकलं. तूर दिसली नाही! माणसाच्या डोक्यावर गेलेली, फुलानं लगडलेली तूर यांना दिसली नाही! दिसली ती मावशी, आणि तीच तेवढी नको होती! तेव्हाच तो फोन आपटावासा वाटला मला. उचललाही होता. राजपालनं माझा हात धरला. "फोनची काय चूक हाय, मुनवरभाई?" म्हणे. ह्या पोराच्या थंडपणाला काय म्हणावं!

पुन्हा गेलो. ह्या वेळी मावशी रोजच्या लुगड्यात, खुरपं घेऊन बसलेली.

"का रे? चांगली न्हाय आले का म्या?"

राजपाल तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. यादीत तूर नाही. तुझं नाव नाही. पडीक लिहावं लागतं, ते त्या दिवशीच लिहिलं. आता तुझ्याशिवाय फोटो पाहिजे.

मावशीनं खुरप्याची माती बोटानं खरडून काढली. मग उसळलीच.

"पडीक? पडीक हुतं तवा कोन आलं हुतं रं फोटू काढाया? हे धोंडं कुनी येचलं? माझ्या मानंचं मनकं जाऊन इचार, कुनी येचलं ते! आन शिकून सवरून तूच लिवतूस व्हय पडीक? माझ्या प्वटचा?"

"म्या न्हाय लिवलं तर दुसरं कुनी यील, आई." त्याचा आवाज फाटला. पहिल्यांदाच फाटला. "त्यो तुला सांगायचा बी न्हाय. त्यो नुसतं म्हनंल, म्हातारे, सरक बाजूला. मला बी कळतंय गं! मला काय आनंद हाय व्हय?"

मला मधे पडावंसं वाटलं, पण पडून बोलणार काय? समजूत घालायला हाती काहीतरी खरं असावं लागतं.

मावशी गुडघ्यावर हात ठेवून उठली. बांध ओलांडला आणि धोंड्यांच्या ढिगापाशी जाऊन उभी राहिली.

"हितं दिसती का?"

"दिसतीस अजून."

ती ढिगाच्या मागं गेली. तिथून तिचा आवाज आला. "घे. म्या सरकले बाजूला. आता तूर कुठं सरकवतूस?"

राजपालनं फोटो काढला. नुसती तूर. फोनात ही भरगच्च, पिवळी. खाली लिहिलं पडीक, आणि पाठवून दिला.

दिवस मावळायच्या आत मंजूर! कामात इतकी तत्परता मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. गाव पूर्ण झालं. कचेरीतून राजपालला अंगठा आला, तो पिवळा, वर केलेला. त्यानं तो मला दाखवला आणि फोन खिशात घातला.

मला वाटलं विषय संपला. पण बाजारादिवशी, दुकानात ही गर्दी असताना, मथुरामावशी आली. संगं राजपाल, खाली मान घालून. ती सगळ्यांना कोपरानं सारत थेट काउंटरपाशी.

"मुनवर, त्यो घरासाठीचा फोटू हाय न्हवं ह्येच्या मोबाइलात? त्यो मोठा काढून दे. कडक कागदावर. पावसानं भिजला न्हाय पायजे."

"भिजणार न्हाय, मावशी. लॅमिनेशन करून देतो. घरात लावायचाय?"

"घरात कशाला? रानात. बांधावरच्या लिंबाला."

मी फोटो काढला. कागद हळूहळू बाहेर आला, आधी तुरीची फुलं, मग चापून बसवलेले केस, मग पांढरं लुगडं. दुकानातली माणसं माना लांब करून बघायला लागली. मी मार्कर घेतला. म्हटलं, खाली नाव लिहून देऊ का, झोकात?

"नाव ऱ्हाऊ दे. नाव गावाला म्हाईत हाय."

"मग काय लिहू?"

तिनं फोटोच्या खालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"त्येंच्या यादीत जे बसलं न्हाय ते लिव. पीक, तूर."